टाकलेली पानं

कुंडलिकचा हात आधी उठायचा आणि राग त्याला मागाहून यायचा. माळशिरसला कुणी वाकडं बोललं की तिथल्या तिथं नाक फुटलंच म्हणून समजा. घरी आला की त्याची एवढीशी अंकिता चुलीपाशी बसून त्याच्या मुठीच्या फुटलेल्या गाठींवर हळद दाबायची. काय ते चित्र! बाप राक्षसासारखा, आणि लेकीच्या चिमटीत हळद.

तीच लेक लग्नाला उभी राहिली, तेव्हा नवरदेवाचा चुलता मानपानावरून काही बोलला. कुंडलिकनं वरणाचं ओगराळं उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. दात, वरण, रक्त, सगळं एकाच पत्रावळीत. अंकिता जेऊरला सासरी गेली ती माहेरी परतलीच नाही. पहिलं बाळंतपणसुद्धा तिनं सासरीच केलं.

आता कुंडलिक सोलापुरात राहायचा, चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. लोखंडी आकडा रुतवून गठ्ठे ओढायचं काम. एका सकाळी अंकिताचा फोन आला.

"आप्पा, रविवारी बारसं हाय. या. पर कुणाला मारून आलासा, तर पोराला हात लावू देनार न्हाय."

फोन ठेवल्यावर गोजरबाई नवऱ्याला म्हणाली, "रविवारपतूर हात खिशात घालून फिरा."

त्याच कारखान्यात त्याचा भाचा दिग्विजय होता. जेवणाच्या सुट्टीत मामा रिकामा बसला की कुणाच्या तरी अंगावर जातो, हे त्याला ठाऊक. त्यानं गठ्ठ्यावर पत्ते मांडले.

"मामा, पोकर शिक. आपल्या तीन पत्तीचा थोरला भाऊच की."

पैशाऐवजी मागावरच्या रिकाम्या कांड्या लावायच्या. प्रत्येकाला दोन पानं, झाकून. मधे पाच पानं सगळ्यांची, आधी तीन उघडायची, मग एक, मग एक. आपली दोन आणि मधली पाच यांतून चांगली पाच निवडायची. दर वेळी कांड्या वाढवायच्या, नाहीतर पानं टाकून गप बसायचं.

"टाकायची? मर्दासारखं लढायचं सोडून?"

"टाकायलाच अक्कल लागती, मामा. आन बाकी सगळ्यांनी टाकली, तर जितनारा पानं न दाखवताच जितला. कुनीबी उलटून बघायचं न्हाय."

हे शेवटचं काही कुंडलिकच्या डोक्यात बसेना. त्याच्या गावी डाव मिटला की दुसऱ्याची पानं उलटायची, आणि "ह्याच्यावर उड्या मारत हुतास व्हय रं!" म्हणून खिदळायचं. खरी मजा तिथंच.

शुक्रवारी मुकादम सोमशेखर खेळायला बसला. आडदांड, तिखट माणूस. कुंडलिकच्या हातात दोन राजे आले, मधे तिसरा पडला. सोमशेखरनं सगळ्या कांड्या पुढं ढकलल्या आणि डोळ्याला डोळा भिडवला. कुंडलिक घामाघूम झाला. समोर नक्की एक्के असणार! त्यानं राजे टाकले.

सोमशेखर हसला, आपली पानं पालथीच टाकून कांड्या ओढू लागला. आणि कुंडलिकचा हात, जन्माची खोड, पुढं गेला. त्यानं ती पानं उलटली.

दुर्री आणि सत्ती.

"आयला, मुकादम! ह्याच्यावर व्हय?" सगळे हमाल गठ्ठ्यांवर लोळून हसले.

सोमशेखरनं कानडीत शिवी हासडली आणि आकडा फिरवला. कुंडलिकचा गाल कानापर्यंत फाटला. रक्त पांढऱ्या टॉवेलांवर उडालं. दुसऱ्या क्षणी कुंडलिकनं त्याला गठ्ठ्यावर पाडलं होतं. एका हातात नरडं, दुसऱ्यात हिसकावलेला तोच आकडा, आणि टोक मुकादमाच्या डोळ्यावर. सोमशेखरचे पाय तडफडत होते. हसणारे सगळे गार झाले.

"मामा, रविवार!" दिग्विजय किंचाळला.

कुंडलिकचा हात तिथंच थांबला. मग त्यानं आकडा दूर फेकला, नरडं सोडलं आणि मागं सरला.

"टाकली," तो म्हणाला. "माजी पानं टाकली."

सोमशेखर उठला, खोकला, आणि त्यानं कुंडलिकच्या फाटलेल्या गालावरच बुक्की हाणली. वर आणखी एक. कुंडलिक हात मागं बांधून उभा राहिला. शेवटी हमालांनीच मुकादमाला ओढून नेलं.

रविवारी जेऊरला पाळणा फुलांनी सजला होता. कुंडलिक दारात आला तो अर्धं तोंड टाक्यांनी शिवलेलं, एक डोळा सुजून मिटलेला. बायकांचं गाणं थांबलं. तो चुलता बाळाच्या आडवा उभा राहिला.

"मारामारी करून आलासा," अंकिता म्हणाली.

"ताई, मामानं तर..." दिग्विजय पुढं झाला.

"गप रं," कुंडलिक म्हणाला. "ऱ्हाऊ दे." गोजरबाईचा हात धरून तो माघारी वळला.

"थांबा."

अंकिता पुढं आली. तिनं बापाच्या दोन्ही मुठी धरल्या, उलट्या केल्या आणि उजेडात नेल्या. एकेका गाठीवरून अंगठा फिरवला, लहानपणी हळद लावताना फिरवायची तसा. कातडी कुठंच सोललेली नव्हती.

"काका, सरका," ती चुलत्याला म्हणाली. मग बापाकडं न बघताच तिनं पाळण्यातून पोर उचललं. "बसा, आप्पा. मान नीट धरा त्याची."