साबण ठेवून गेलेलं गिऱ्हाईक
लाल कार्बोलिक साबणाचा वास आला की मला भाऊजींचं सानगडीतलं किराणा दुकान आठवतं. ऐंशी सालच्या आसपास त्या वासानं पार शेजारच्या एकोडी गावचे बैल शिंकायचे. पक्कं बिल तिथं कोणी मागत नसे. बिलबुकात उंदरांनी लेकीसुना नांदवल्या होत्या. एका भर दुपारी मी दुकानात बसलो असताना एक अनोळखी माणूस आला, साबणाची एक वडी घेतली आणि म्हणाला, "विक्रीकर लावून बिल द्या." भाऊजी हसले, "काहून जी, एका साबनाले कोन बिल मांगते?" "मी मागतो." गुळावरच्या माश्याही जागीच थिजल्या. भाऊजी कर मांडत राहिले, प्रत्येक वेळी आकडा वेगळाच येई. "दर बराबर मालूम नाही जी." "मग इतकी वर्षं कर भरला कसा?" आतून बहीण पुटपुटली, "विक्रीकराचा सायब दिसते, गेलं दुकान." त्यानं पैसे दिले, बिल घडी करून खिशात घातलं आणि निघाला. मी हाक मारली, "साबन राह्यला जी." तो वळलासुद्धा नाही. "राहू द्या, मी येणारच आहे." तो कधीच आला नाही, पण धास्तीनं त्याची वाट पाहून पाहून भाऊजींनी दिवाळीआधी दुकान विकलं, ती वडी मात्र ना विकली, ना कोणी वापरली. आजही कुठल्याही दुकानात कोणी "बिल देऊ का?" विचारलं, की मी आधी घेतलेला साबण उचलतो.