हेल्गाक्काची पूर्ण मॅच

मल्लेश्वरमच्या आमच्या ग्राउंडवरच्या गोष्टी मी कधी मुद्दाम लक्षात ठेवल्या नाहीत. पण चिकपेटेत मामांच्या दुकानात कापडाच्या घड्या घालताना एक आठवली की तिच्यामागून दुसरी येते. गिऱ्हाईक विचारतं, "एकटाच काय हसतोस रे?" मी लाजून पुढची घडी घालतो. मला चारचौघांत सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

हेल्गाक्का जर्मन. नवरा यशवंतपूरच्या एका कारखान्यात इंजिनियर, काही वर्षांच्या करारावर आलेला. ती तिकडे मोठ्या क्लबातून बास्केटबॉल खेळायची. एका मॅचमध्ये गुडघा गेला, तिला उचलून बाहेर नेलं, आणि खेळ तिथेच संपला. इथे ती आमच्या पोरींना शिकवू लागली.

"मला एकच हवंय," ती म्हणायची. "परत जायच्या आधी एक मॅच. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत."

डॉक्टर नको म्हणत होते.

*

मुलीला ग्राउंडवर एकटं पाठवायचं नाही, ही घरोघरची अट. म्हणून प्रत्येकीबरोबर एक भाऊ! माझी शाळा नववीतच सुटलेली. मामा संध्याकाळी थोडा वेळ सोडायचे, तेव्हा मी सुमीला घेऊन जायचो. आम्ही सगळे भाऊ दगडी बाकावर ओळीने बसायचो.

हेल्गाक्काने पहिल्याच दिवशी विचारलं, "हे कोण?"

"भाऊ," सुमी म्हणाली.

"काय करतात?"

"बसतात."

दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला मिटलेल्या छत्र्या वर धरून बास्केटखाली उभं केलं. पोरींनी छत्र्यांच्या वरून बॉल टाकायचा. इतक्या मुलींसमोर उभं राहायचं म्हणून माझी छत्री थरथरत होती.

"शाबास!" हेल्गाक्का ओरडली. "हलणारा डिफेन्स सगळ्यात अवघड!"

*

एकदा धीर करून मी विचारलं, "अक्का, तुम्ही प्रोफेशनल होता?"

"होते की! जिंकलं तर सॉसेज, हरलं तर सूप."

"मग?"

"सूप पुष्कळ प्यायले."

मग कॉफीचा पेला हातात फिरवत म्हणाली, "युद्धानंतर आमच्या हॉलला छप्परसुद्धा नव्हतं. पण जमिनीवर रेघा नीट मारलेल्या होत्या. बाहेर पडलं की आपलं गाव कुठून कुठवर होतं ते कळायचं नाही. आत आलं की कळायचं, आपण कुठे उभे आहोत."



*

आईने तिला हळदीकुंकवाला बोलावलं. ओटीत नारळ आला. हेल्गाक्काने तो दोन्ही हातांत तोलला, "सुमी!" म्हणून हाक दिली आणि छातीपासून सरळ पास! सुमीने तो हवेतच धरला.

आई म्हणाली, "अगंबाई! पडला असता तर?"

हेल्गाक्का गंभीरपणे म्हणाली, "पडला असता तर उद्या सुमी टीमबाहेर."

*

एका गोष्टीवर मात्र ती खरंच चिडायची. आमच्या पोरींचा पाय कुणाला लागला की त्या थांबायच्या, तिला हात लावायच्या आणि तो हात डोळ्यांना लावायच्या. बॉलला पाय लागला तर बॉललाही नमस्कार! तेवढ्यात समोरच्या पोरी बास्केट करून मोकळ्या.

"देव नंतर, आधी बॉल!" हेल्गाक्का रेघेबाहेरून ओरडायची.

सुमीने समजावलं, "अक्का, हे देवाचं नाही. पाय लागला की आपोआप होतं. लहानपणापासून."

"मग लहानपण नंतर, आधी बॉल!"

*

करार संपत आला. एका कॉलेजच्या टीमशी मॅच ठरली आणि हेल्गाक्का स्वतः उतरली. डॉक्टर शेवटपर्यंत नकोच म्हणाले. तिचा नवरा येऊन आम्हा भावांच्या बाकावर बसला.

"तुम्ही काय करणार?" मी विचारलं.

"बसणार," तो म्हणाला. त्याच्या हातात मिटलेली छत्री होती आणि ती थरथरत होती.

ती धावत कमी होती, पण बॉल जिथे येणार तिथे आधीच उभी असायची. पहिला अर्धा भाग गेला. दुसरा संपत आला. दोन्ही टीमचे पॉइंट सारखे. सुमीने पास दिला, हेल्गाक्का बास्केटखाली वळली, समोर कॉलेजची एक बुटकीशी पोर. आता फक्त बॉल वर टाकायचा होता.

आणि हेल्गाक्का खाली बसली. त्याच गुडघ्यावर.

बॉल घरंगळत गेला. कॉलेजच्या पोरींनी तो उचलला, पलीकडे धावत नेला आणि बास्केट केला. शेवटची शिट्टी वाजली. छत्री टाकून नवरा धावला, त्याच्यामागे आम्ही सगळे.

सुमी आधी पोचली. "अक्का! गुडघा?"

हेल्गाक्काचा एक हात त्या पोरीच्या पावलावर होता. तो उचलून तिने डोळ्यांना लावला.

"गुडघा सरी, ठीक आहे," ती म्हणाली. "हिला माझा पाय लागला."