गोळीचं टरफल

"खा. मी बगत न्हाय."

ताट पुढं सरकवून अव्वा एवढंच बोलायची आन तोंड भिंतीकडं करून बसायची. भिंतीवर बगण्यासारखं काय नव्हतं. एक खिळा होता.

तुमच्या घरात कोन आजारी पडलं आसंल तर तुमी बी बगितलं आसंल, आजारी मानूस जेवायला बसलं की सगळं घर त्याच्या तोंडाकडं बगत बसतंय. आमच्यात सासू बगायची, मालक बगायचे, पोर तीन वर्साची, ती बी बगायची. मी घास उचलला की तिघांची तोंडं आपोआप उघडायची. अशानं घास खाली जातोय व्हय?

अव्वा आमच्या गल्लीतली. अव्वा म्हंजे कानडीत आई, सगळी गल्ली तिला तेच म्हनायची, खरं नाव आधार कार्डावर आसंल. माहेर वळसंगचं. तिचा कडक भाकरीचा धंदा, पत्र्याच्या शेडात तीन शेगड्या आन थापायला आमी चार बाया. जुळे सोलापूरच्या मॅडम लोक स्कुटीवर येऊन भाकरी न्यायच्या. मी पाच वर्सं तिच्याकडं थापत होते. सातवी शिकलेली मी, दुसरं काय येतंय मला.

मग छातीत गाठ निघाली. डॉक्टर म्हनले कॅन्सर हाय, केमोचे सहा डोस घ्यायचे, मग ऑपरेशन. मी इचारलं, मी मरते का, तर ते म्हनले, जेवत ऱ्हावा. मला वाटलं टाळतायत. पन न्हाय, खरंच तेच सांगत होते. दोन डोसात पाच किलो उतरले. हॉस्पिटलात जेवनाच्या येगळ्या मॅडम आसत्यात, त्या म्हनल्या, "वजन असंच उतरलं तर पुढचा डोस लांबवावा लागेल." डोस लांबला म्हंजे गाठीला सवड. तेवढं सातवीत बी कळतंय. आन पोर तीन वर्साची.

मी तशीच रडत शेडात गेले, अव्वाला सगळं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"रडताना जेवता येतंय?"

"न्हाय."

"मग आदी जेव."

त्या दिवसापास्नं मी दुपारी शेडातच जेवाय लागले. घरात फोडनीचा वास आला की मला उलटी व्हायची, शेडात नुसता ज्वारी भाजल्याचा वास, तो चालायचा, का चालायचा ते इचारू नका. तोंड आतनं सगळं सोललेलं, म्हनून अव्वा कडक भाकरीचा चुरा कोमट दुधात भिजवायची. दोन घास झाले की वाटी उचलायची, तासाभरानं परत दोन घास. "साक" म्हनायला बंदी. साक म्हंजे बास. माज्यासाठी तिनं जन्मात पैल्यांदा बिनतिखटाची शेंगा चटनी केली, चाखली, आन म्हनली, "ही चटनी न्हाय, पेंड हाय. खा. म्हशीला मानवती."

तरी तिसऱ्या डोसाला परत अर्दा किलो कमी. मॅडम म्हनल्या, "आज देतायत, पण पुढच्या वेळी अवघड आहे. रोज दोन उकडलेली अंडी खा. चालतात ना तुमच्यात?"

आमच्यात चालत्यात, आमी मेंढरंवाले, आमच्यात सगळं चालतंय. पन घरात अंडं उकडलं की मी मोरीत. आन अव्वा लिंगायत, गळ्यात लिंग, पूजा केल्याबिगर पानी न्हाय पिनारी. तिच्या शेडात अंडं ह्या शब्दाला बी जागा नव्हती. मी दोन दिवस बोललेच न्हाय. तिसऱ्या दिवशी तिनंच इचारलं, मॅडम काय म्हनली. मला खोटं बोलता येत न्हाय.

अव्वानं पीठ घेतलं. एक भाकरी थापली, भाजली. दुसरी थापली, भाजली. मग म्हनली, "घरी वास सोसत न्हाय?"

"न्हाय."

"हितं सोसंल?"

"हितं सोसंल आसं वाटतंय."

"घरनं उकडून, सोलून, गार करून डब्यात आन. आन कसली गोळी हाय ते मला सांगू नको."

तवापास्नं ती गोळी. सासू उकडायची तवर मी पोरीला घेऊन रस्त्यावर उभी. मग डबा घेऊन शेडात. मी डबा उघडला की अव्वा भिंतीकडं.

"गोळी गिळली?"

"अर्दी."

"डॉक्टरनं अर्दी दिली व्हय? पुरी घे."

"अव्वा, वर येतंय गं."

"येऊ दे. परत खाली घाल."

सांगायला सोपं वाटतंय. एकेका अंड्याला पाऊन तास लागायचा, मिठाचा कन लावायचा, चावायचं, वर आलं की थांबायचं, श्वास घ्यायचा, परत. एकदा मला वाटलं अव्वाला डुलकी लागली. उरलेली अर्दी गोळी मी हळूच डब्यात टाकली.

"झाकन वाजलं," अव्वा म्हनली. तोंड भिंतीकडंच.

मग एक दिवस माजीच चूक झाली. सासूला उशीर झाला, अंडी तशीच न सोलता डब्यात आली, आन मी शेडात बसून सोलली. टरफलं कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली, वर पिठाचा कोंडा टाकला. मला वाटलं झालं. संध्याकाळी सुनेनं डबा उपडा केला. अव्वाची सून बी.ए. झालेली, तिला टरफल लगेच कळलं.

"आत्याबाई, हे काय हाय आपल्या शेडात?"

"गोळीचं टरफल."

"गोळीला टरफल आसतंय?"

"महाग गोळीला आसतंय," अव्वा म्हनली आन पीठ चाळाय लागली.

सुनेनं शेड दोनदा धुतलं. माज्याशी बोलनं बंद केलं. मी म्हनले, अव्वा, मी उद्यापास्नं येत न्हाय. ती म्हनली, "तुज्या पोरीला बगून ठरीव." पोर तितंच पिठात बसून बोटानं रेघोट्या मारत होती. मी दुसऱ्या दिवशी गेले.

त्याच दिवसांत माज्या एक गोष्ट ध्यानात आली. मी दुपारी डबा मिटून निघायची, पानी प्यायला परत वळायची, तर अव्वाचे केस वल्ले. रोज. थंडीचे दिवस, सकाळची आंघोळ कवाच झालेली.

"अव्वा, केस वल्ले कशे?"

"उकडतंय."

अंगावर घोंगडी घेऊन म्हनत होती. मी परत इचारलं न्हाय. माज्या रोजच्या दोन अंड्यांपायी त्या म्हातारीनं दोन म्हैने दुपारची दुसरी आंघोळ केली, गार पान्यानं, आन मला कळू दिलं न्हाय. म्हंजे कळलंच, पन तिनं दिलं न्हाय.

चौथ्या डोसाला वजन तितंच थांबलं. पाचव्याला पाव किलो वाढलं. मी पळत सांगायला आले, दम लागला तरी पळत.

"पाव किलो?" अव्वा म्हनली. "पाव किलोत वांग्याची भाजी बी न्हाय व्हत."

मग उठून शेजारच्या तीन घरात साखर वाटून आली.

सहाव्या डोसाच्या आदल्या दिवशी सकाळी सून आमच्या दारात. किती दिवसांनी बोलली, ते बी एवढंच, "आत्याबाई गेल्या." पूजेला बसली होती, तशीच गेली. त्यांच्यात मानसाला आडवं नेत न्हाईत. मांडी घालून बसवलेली, कपाळाला इभूती, गळ्यात हार, तोंड लोकांकडं. मी एका बाजूला बसून ऱ्हायले. दुपारी नेली, बसलेलीच.

मानसं परत आली, आंघोळी झाल्या. घरात चूल न्हाय, शेजारच्यांनी भात आन वरन आनलं. कोनाला जेवन जातंय. सगळ्यांनी दोन दोन शितं तोंडाला लावली आन हात धुतले. मी बी हात धुवायला उठले, आन मला आठवलं, उद्या वजनाचा काटा हाय. सकाळपास्नं माज्या पोटात पान्याबिगर काय नव्हतं.

मी परत खाली बसले.

"मला वाढा," म्हनले.

सगळी बगाय लागली. कोपऱ्यातली एक बाई म्हनली, "लई भूक लागली व्हय गं?"

"न्हाय," मी म्हनले. "उद्या डोस हाय."

सुनेनं माज्याकडं बगितलं. उठली, ताटात भात वाढला, त्याच्यावर दूध वतलं, मी न मागता.

भूक नव्हती, चव तर कवाच गेलेली. डोळ्यातलं पानी भातात पडलं, मीठ कमीच होतं. ईस-पंचवीस मानसं बगत होती आन मी मयताच्या घरात बसून ताटभर भात खाल्ला, हळूहळू, चावून, वर आला की थांबून. परत मागितला. कोन काय म्हनलं आसंल ते म्हनलं आसंल. भात पोटात ऱ्हायला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात चपला काढून काट्यावर उभी ऱ्हायले. मॅडमनी आकडा बगितला, लिहिला.

"ठीक आहे," म्हनल्या. "आत जा."

मी चपला घातल्या आन आत गेले.