यरुशलेमेकडे तोंड करून

कुवेतच्या इस्पितळात नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा मेट्रनबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "धर्म विचारला तर ख्रिश्चन सांगायचं. यहुदी हा शब्द इथे तोंडातून काढायचा नाही." पन्नासचं दशक संपत आलं होतं. पॅलेस्टाईनमधून घरदार गमावून आलेली माणसं आमच्याच वॉर्डात असत, त्यामुळे बाईंची भीती मला कळत होती. पण मी अलिबागकडची बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली यहुदी. आईने गावात जे कधी लपवलं नाही, ते मी पगारासाठी लपवू? "आपणहून सांगणार नाही," मी म्हणाले, "पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

त्या वर्षी दारफाळणीच्या सणाला, म्हणजे आमच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, सुट्टी मिळाली नाही. निर्जळी उपास धरूनच कामावर गेले. आमच्यात माणूस कुठेही असो, प्रार्थना यरुशलेमेकडे तोंड करून. तिथलं आमचं मंदिर पडलं, लोक जगभर पांगले, तरी देवाने त्या शहरावरची नजर काढली नाही, मग आपण का काढायची, असं आई म्हणायची. बाबेलच्या बंदिवासात, राजाची मनाई असतानाही, आमच्या एका संदेष्ट्याने त्याच दिशेची खिडकी उघडून प्रार्थना केली होती. दुपारी वॉर्ड निजल्यावर मीही पश्चिमेच्या खिडकीशी उभी राहिले आणि शेमा, देव एकच असं सांगणारी आमची प्रार्थना, म्हणू लागले.

"यहुदी आहेस?" मागून इंग्रजीत प्रश्न आला. ऑपरेशन झालेली एक पॅलेस्टिनी शिक्षिका जागी होती. मेट्रनबाईंची ताकीद आठवली. पण त्या दिवशी, त्या प्रार्थनेतून वळून, खोटं कोणत्या तोंडाने बोलणार?

"हो. यरुशलेमेकडे तोंड केलंय."

ती म्हणाली, "माझं घर आहे तिथे. मला परत जाऊ देत नाहीत." मग कोपरावर रेलत तिने हात लांब केला. "तू चुकीची उभी आहेस. थोडी उजवीकडे वळ. मी रोज तिकडे बघते."

मी वळले. डोळे भरून आले, पण प्रार्थना पुरी केली.

कोणीतरी चहाडी केलीच. मेट्रनबाई मला वॉर्डातून हलवायला आल्या, तेव्हा तीच शिक्षिका म्हणाली, "माझं ड्रेसिंग हीच करेल."

तिने आम्हाला माफ केलं नव्हतं. तसं तिने स्पष्ट सांगितलंही. मीही तिला वाईट वाटेल म्हणून माझी प्रार्थना सोडली नाही. तरी देवाने मला त्याच्या शहराची दिशा दाखवली ती तिच्याच हाताने, हे मी कधी विसरले नाही. शरण जायचं ते त्याला एकट्याला. माणसांपुढे ताठ उभं राहायचं, आणि मदतीला तो कोणाला पाठवेल, यात आपण पडायचं नाही.