चादरी अडतात कुठे?

रुग्णालयाच्या तळघरातल्या धुलाई विभागात मुकादमबाईंची बावीस वर्षं गेली होती. हाताखाली अकरा बायका, तीन मोठी यंत्रं, आणि आवाज असा खणखणीत की यंत्रांच्या घरघरीतूनही तो शेवटच्या इस्त्रीपर्यंत पोचायचा. एकच दुखणं होतं. शस्त्रक्रियेच्या खोलीत लागणाऱ्या चादरी आणि झगे रोज उशिरा पोचायचे आणि रोज वरून बोलणी यायची.

एकदा बैठकीत त्यांनी अधीक्षकांकडे चौथं यंत्र मागितलं. अधीक्षक हसून म्हणाले, "बाई, तुम्ही काम करून घ्या. व्यवस्थापन कशाशी खातात ते आम्हाला माहीत आहे."

सगळे हसले. मुकादमबाईही हसल्या, पण ते वाक्य त्यांच्या मनात सलत राहिलं. पंधरा दिवसांत त्यांनी व्यवसाय आणि व्यवस्थापनाच्या पायाभूत अभ्यासक्रमात नाव घातलं. दर शनिवारी दुपारी वर्ग, मुदत एक वर्ष. वय एकोणपन्नास.

नवरा बसचालक. तो म्हणाला, "अगं, माणसं या वयात चष्म्याचा नंबर वाढवतात, तू पुस्तकं वाढवतेस?" पण शनिवारचा स्वयंपाक त्याने बिनबोभाट स्वतःकडे घेतला.

वर्ग एका प्राथमिक शाळेत भरायचा. बाकं इतकी बुटकी की गुडघे हनुवटीला लागतील. आजूबाजूला दुकानांत आणि कचेऱ्यांत काम करणारी पंचविशीतली पोरं. पहिल्या चाचणीत 'नियोजन म्हणजे काय?' असा प्रश्न होता. बाईंनी लिहिलं, "उद्या काय लागणार ते आजच माहीत असणं." चाळीसपैकी अकरा गुण पडले. सरांनी त्या उत्तराशेजारी लाल शाईत लिहिलं होतं, 'अपुरं, पण खरं.'

वाणिज्य शाखा शिकलेल्या लेकीने कपाळाला हात लावला. "आई, पुस्तकातलं लिहायचं असतं गं!"

"पुस्तकवाल्याने चादरी धुतल्यात का कधी?" बाई म्हणाल्या खऱ्या, पण त्या दिवसापासून पहाटे उठून पुस्तकातल्या व्याख्या घोकू लागल्या.

सहामाहीनंतर प्रत्येकाला एक प्रकल्प मिळाला. आपल्या कामाच्या जागची एखादी अडचण निवडायची, कारण शोधायचं, सुधारणा करायची. बाईंना अडचण शोधत हिंडायची गरजच नव्हती. 'कामाची विभागणी' हा धडा नुकताच झाला होता. त्यांनी कुणी काय करायचं याचा मोठा तक्ता केला आणि सोमवारी भिंतीवर चिकटवला.

बायकांनी तक्त्यात आपापला रकाना शोधला. मंगळवारी चादरी नेहमीपेक्षाही उशिरा गेल्या. गठ्ठा जमिनीवर पडला तरी कुणी उचलेना. "माझ्या रकान्यात नाही ते, ताई," घडी घालणारी शांतपणे म्हणाली. करायला गेले एक आणि झाले भलतेच! बुधवारी बाईंनी तक्ता आपल्याच हाताने सोलून काढला. बावीस वर्षांत इतकं कानकोंडं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

सरांना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "लावण्याआधी कुणाशी बोलला होतात?"

सोमवारी चहाच्या सुट्टीत बाईंनी स्टूल ओढलं आणि सगळ्यांना विचारलं, "माझं चुकलं. आता तुम्ही सांगा, चादरी अडतात कुठे?"

इस्त्रीवर एकोणतीस वर्षं काढलेल्या मावशी कप खाली ठेवून म्हणाल्या, "लिफ्टपाशी."

"म्हणजे?"

"साडेसातला आपला गठ्ठा तयार होतो, आणि तेव्हाच नाश्त्याच्या गाड्या वर जायला लागतात. मग बसा ताटकळत."

"मावशी, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं होतं?"

काखेत कळसा, गावाला वळसा! बाई आठ दिवस घड्याळ आणि वही घेऊन लिफ्टपाशी उभ्या राहिल्या. गठ्ठा रोज तीस-चाळीस मिनिटं खोळंबत होता, आणि सात ते सव्वासात लिफ्ट रिकामीच असायची. इस्त्री मात्र जो कपडा आधी येईल त्याला आधी होत होती. त्यामुळे वॉर्डातल्या चादरी पुढे आणि ज्यांची खरी घाई त्याच मागे. क्रम उलटा केला की झालं. मावशींनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पहिली इस्त्री हिरव्या झग्यांवर फिरली.

सात वाजून दहा मिनिटांनी गाडी वर गेली. थोड्या वेळाने वरच्या सिस्टरांचा फोन आला. त्यांचा फोन म्हणजे झाडाझडती हे ठरलेलं. बाईंनी धास्तीनेच उचलला. "काय राहिलं, सिस्टर?"

"काही नाही हो. सगळं वेळेवर आलं, म्हणून घाबरून फोन केला."

तळघरात असा हशा पिकला की यंत्रं ऐकू येईनात.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकबाई आल्या होत्या. वही चाळून त्यांनी विचारलं, "म्हणजे चौथं यंत्र?"

"नको होतं. मीच मागत होते."

"आणि हे कारण तुम्ही शोधलंत?"

"मावशींना ठाऊक होतं. मी विचारलं, तेही उशिरा." प्रकल्पाच्या पहिल्या पानावर बाईंनी मावशींसकट अकराही जणींची नावं लिहिली होती. परीक्षकबाईंनी ते पान पुन्हा एकदा वाचलं.

बाई पहिल्या वर्गात पास झाल्या. प्रकल्पात तर सगळ्या वर्गात त्यांनाच सर्वाधिक गुण होते. अधीक्षकांनी अभिनंदन केलं, आणि पुढच्या महिन्यापासून नियोजनाच्या बैठकीला येण्याचं रीतसर पत्रही दिलं.

प्रमाणपत्रं वाटली तेव्हा नवरा गणवेशातच, फेरी संपवून धावत आला. लेक फोटो काढायला पुढे सरसावली. मावशी, "मला काय कळतंय त्यातलं," म्हणत म्हणत सगळ्यांच्या आधी येऊन दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मुकादमबाई मंचावर चढल्या, तशा मावशींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसून त्या म्हणाल्या, "टाळ्या जोरात वाजवा की! आमची ताई आहे ती."