माझ्या दिराची खुर्ची

पियानो वाजवणारी बाई मध्येच थांबली. बोटं पट्ट्यांवर, मान खाली, आणि आवाज नाही. परदेशातून पाहुणा म्हणून आलेला ऑर्केस्ट्राचा कंडक्टर हातातली काडी वर धरून तसाच उभा. अंधेरीच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. तेवढ्यात वाजवणाऱ्यांच्या मागच्या रांगेतला एक माणूस खुर्ची सरकवून उठला, त्याने ट्रम्पेट तोंडाला लावलं आणि बाईच्या हातून सुटलेलं गाणं खुशाल वाजवायला सुरुवात केली. तो माझा धाकटा दीर. माझ्या शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने पदर तोंडावर ओढला. मी तिला म्हटलं, "आता झाकून काय करतेस? सगळ्या हॉलने बघितलं."

त्याच्याएवढा हट्टी माणूस खारदांड्याच्या किनाऱ्याला दुसरा लागला नाही. आमचं घर मासेमारीचं, पण ह्याला बोटीत पाय ठेवला की उलट्या. कोळ्याच्या पोराला समुद्र लागतो हे चारचौघांत सांगायचं कसं? म्हणून सासऱ्यांनी त्याला लहानपणीच एका गोवेकर बँडमास्तरांकडे नेऊन बसवलं. मास्तरांनी मारून मारून कागदावरचे सूर वाचायला शिकवले. पुढे सव्वीस वर्षं तो वरातींतून चालत ट्रम्पेट फुंकत होता. देवघरातली समई काळी पडली तरी चालेल, पण ट्रम्पेट चिंचेने घासून लख्ख हवं. एका सणाला घरातली सगळी चिंच त्याने त्या पितळेवर घातली आणि आम्ही सोळा माणसं आंबटाशिवाय कालवण जेवलो. मी बोलले तर म्हणाला, "वयनी, कालवण एक दिवसाचं. सूर जन्माचा." असल्या बोलण्याने पोट भरत असतं तर मी टोपली डोक्यावर घेऊन कशाला फिरले असते?

माझ्या टोपलीवरही त्याचा डोळा. मी खारच्या बाजारात बसायचे. हा येऊन समोर उभा राहायचा आणि गिऱ्हाइकांदेखत सांगायचा, "वयनी, तुझी हाक शेवटी खाली पडते. वर ने. खाली पडली की मासा शिळा वाटतो." मी त्याला कोयता दाखवला. दुसऱ्या दिवशी तो नाही असं बघून हाक वर नेली. दुपारच्या आत टोपली रिकामी. त्याचा मला आणखी राग आला.

मग त्याचे गुडघे गेले. दोन्ही गुडघे सुजून नारळाएवढे. बँडच्या मालकाने तोंडावर सांगितलं, "ह्या सीझननंतर नको. तुझ्यासाठी वरात थांबत नाही." ट्रम्पेट गेलं तर ह्या माणसाला दुसरं काहीच येत नव्हतं. त्याच सुमारास मढचा एक व्हायोलिनवाला, लग्नांतून ओळख झालेला, त्याला घेऊन गेला ह्या ऑर्केस्ट्रात. कोटटाय घालून इंग्रजी संगीत वाजवणारी मंडळी. त्यांचा एक ट्रम्पेटवाला नोकरीला दुबईला गेला होता. त्यांचा सेक्रेटरी म्हणाला, एक कार्यक्रम वाजव. नीट झालं तर खुर्ची कायमची तुझी.

"बसून वाजवायचं, वयनी! खुर्चीवर! मधे चहा न् बिस्किट पण देतात!"

एवढ्या आनंदाने तो स्वतःच्या लग्नातही बोलला नव्हता. पण बसून त्याला फुंकताच येईना. सव्वीस वर्षं चालत वाजवलेलं. पहिला सूर निघाला की पाय उठायचे आणि हा खोलीभर फिरायचा. शेवटी त्याने जाळ्याच्या दोरीने दोन्ही पाय खुर्चीला बांधले आणि महिनाभर तसा बसून वाजवायला शिकला. पोस्टमन दारातून बघून पळाला. त्याला वाटलं, आम्ही ह्याला बांधून ठेवलाय.

त्या संगीतात ट्रम्पेटला काम थोडं आणि वाट बघणं फार. किती वेळ गप्प बसायचं हे मोजावं लागतं. ह्याने मोजायचे मासे. बोंबील, मांदेली, सुरमई, हलवा, असे चार म्हणजे एक वाटा. सत्तावीस वाटे झाले की फुंकायचं. तोंडातल्या तोंडात ही पुटपुट ऐकून शेजारचा ट्रम्पेटवाला चिडला, "ये मच्छी मार्केट है क्या?" हा म्हणाला, "तुझी काल दोनदा चूक झाली. माझा एक बोंबील चुकला काय, सांग." चुकला नव्हता. म्हणून तर मला वाटलं होतं की खुर्ची मिळाली.

कार्यक्रमाच्या दिवशी मी त्याला स्पष्ट सांगितलं, "आज पण पाय बांध." तो हसला. म्हणाला, "लोक काय म्हणतील?" लोकांची लाज ह्याला बरोबर नको त्या दिवशी वाटली.

बँडवाल्यांची एक रीत असते. वरात चालू असताना बाजा बंद पडता कामा नये. कोणाचा दम तुटला की शेजारच्याने न विचारता त्याचा सूर उचलायचा, त्याला दम आला की परत द्यायचा. उचलला म्हणून आभार नाहीत, तुटला म्हणून बोल नाही. ती बाई थांबली तेव्हा ह्याने तेच केलं. सरावाला रोज ऐकून तिचं गाणं ह्याला पाठ होतं. चार ओळी वाजवल्या. कंडक्टरने आधी डोळे वटारले, मग काडी हलवून बाकीच्यांना हळूच त्याच्या मागे घेतलं. बाईची मान वर आली, हात चालू झाले. ह्याने ट्रम्पेट खाली घेतलं आणि गुपचूप बसला. अर्ध्या हॉलला वाटलं की गाणं असंच आहे. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आम्ही दोघी मागच्या खोलीत गेलो तर सेक्रेटरी रागाने लाल. मोडक्या मराठीत ओरडत होता, "ये वरात हाय काय? तुला कोण बोलला उभा रहायला? उद्यापासून यायचा नाय!" ती बाई पाच पावलांवर फुलं घेऊन उभी. सगळं ऐकत होती. मधे पडली नाही. तेवढ्यात तो गोरा कंडक्टर आला, दिराचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ इंग्रजीत काहीतरी बोलला. दीर नुसता मान हलवत राहिला. कंडक्टर गेल्यावर मी सेक्रेटरीला विचारलं, "काय म्हणाला तो?"

"काय नाय."

"एवढा वेळ काय नाय बोलत होता?"

"काय नाय बोलला ना बाई! तुम्ही जा आता."

माझ्या दिरासाठी बोललेले शब्द होते ते. सेक्रेटरीने गिळले. आजही आठवलं की हात कोयत्याकडे जातो.

बाहेर आल्यावर मी सगळा राग दिरावर काढला. "खुर्ची गेली ना मेल्या! कशाला उठलास? ती तुझी कोण लागते?"

"तिचा दम तुटला होता, वयनी. काय करायला पाहिजे होतं? बघत बसू?"

"हो! बघत बसायचं! बसायलाच गेला होतास!"

तो गुडघे धरून फुटपाथच्या कडेला टेकला. आम्ही दोघींनी त्याला दोन बाजूंनी उठवलं.

ऑर्केस्ट्राने त्याला परत बोलावलं नाही. पुढच्या सीझनला दुसऱ्या एका बँडात दोन वराती चालला, तिसरीत खाली बसला. नंतर पुष्कळ वर्षं दुपारी ओट्यावर बसून एकेक लांब सूर काढायचा. गाणं नाही, नुसता सूर. मी मासे सुकत घालता घालता ओरडायचे, "पुरे कर, डोकं उठलं." तो पुरे करायचा नाही. मग दात पडले आणि तेही थांबलं. खरं सांगते, पहिल्या दुपारी ओटा गप्प राहिला तेव्हा मी दोनदा दारात जाऊन बघून आले.

त्या संध्याकाळी दांड्याहून आम्ही तिघं अंधेरीला गेलो होतो. दीर गेला. दोन वर्षांनी जाऊ गेली. मी आहे.