बुधवार कोणाचा

“बुधवार कोनाचाच नाई वं,” हार विकणारी बाई शेजारच्या नारळवालीला म्हणाली. मी त्यांच्या दुकानासमोर चपला काढत होते. पूर्णेच्या त्या घाटावर मी पहिल्यांदाच आले होते, वार बुधवारच होता, आणि ते बोलणं मला माझ्याचसाठी असल्यासारखं लागलं. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, एवढं मलाही ठाऊक होतं. म्हणजे आईने नवसासाठी नेमका बिनदेवाचा वार धरला होता. तिला विचारलं असतं तर तिने बुधवारालाही एखादा देव काढून दिला असता. पण मी विचारलं नाही. मी सहसा कुणाला काही विचारत नाही.

आईचं ऑपरेशन अकोल्याला झालं, तेही एका बुधवारी. पोटातली गाठ काढली, तपासायला पाठवली, पुढचे उपचार सुरू झाले. ऑपरेशनला आत नेताना तिने पूर्णामाईला शब्द दिला होता की जगले तर पाच बुधवार तुझ्यात स्नान करीन. पोटावर टाके असलेली बाई नदीत उतरणार कशी, हे शब्द देऊन झाल्यावर लक्षात आलं. बाबा मालगाडीवर, त्यांच्या ड्युटीचा नेम नाही. उरले मी. “तू केलं काय अन् मी केलं काय, सारखंच,” आई म्हणाली. मला ते सारखं वाटत नव्हतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. शाळेतली प्रार्थना आणि घरातली आरती दोन्ही मला पाठ आहेत, पण देवाशी आपलं म्हणून बोलायचं तर कोणत्या भाषेत, हे मला कधी कळलं नाही. अमरावतीच्या एका क्लासमध्ये मी मुलांना न घाबरता इंग्रजी बोलायला शिकवते. स्वतः मात्र ऑटोवाल्याला थांबा म्हणायलाही दोन चौक घालवते.

त्या दिवसांतला थकवा कसा सांगावा कळत नाही. बडनेऱ्याहून अकोल्याच्या फेऱ्या, दवाखान्यातल्या बाकावर वाट पाहणं, आईची पथ्याची खिचडी, दुपारचे क्लास. त्यात बुधवारी पहाटे उठून अमरावती गाठायची, तिथून एसटी. वलगाव मागे पडलं की खिडकीला डोकं टेकवून मी झोपून जायचे आणि कंडक्टर घाटाच्या फाट्यावर हाक मारून उठवायचा. भक्ती वगैरे काही नव्हती. एक काम होतं, ते पाच वेळा करायचं होतं.

घाटावर नारिंगी जाकिटं घातलेले तिघं असायचे. पाठीवरची ‘जीवरक्षक’ ही अक्षरं अर्धी उडाली होती. लोक त्यांना शिट्टीवाले म्हणत. त्यांनी पाण्यात दोर ताणून त्याला रिकाम्या कॅन बांधल्या होत्या आणि दोराच्या पलीकडे कुणी गेलं की शिट्टी वाजायची. त्यांच्यातले किसनभाऊ पन्नाशीचे, त्या काठच्या भोयांपैकी, ज्यांच्या घरात पूर्वी होड्या चालवायचे. ते तिघं दिवसभर पाण्यातल्या माणसांकडे बघत बसतात हे मला आवडत नव्हतं. ओल्या कपड्यांत कुणी आपल्याकडे बघू नये असं वाटायचं. तेच त्यांचं काम आहे, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या बुधवारी कानावर आलं की कंत्राट बदलल्यापासून त्यांना पगारच मिळालेला नाही. विचारायला गेलं की जुना कंत्राटदार नव्याकडे बोट दाखवतो, नवा जुन्याकडे. असंच चाललं तर गणपती विसर्जन पार पाडून तिघंही अकोल्याला हमालीला जाणार होते. हारवाल्या बाईचं नाव बेबीताई. ती त्यांना चिडवायची की पगार नाही तरी शिट्टी एवढी जोरात कशी वाजते. किसनभाऊ म्हणाले, “शिट्टीले पगार नाई लागत, हवा लागते.” सगळे हसले. मी ओले केस पिळत ऐकत होते. वाईट वाटलं, पण दुसऱ्यांच्या अडचणींसाठी माझ्यात त्या वेळी जागा उरली नव्हती.

चौथ्या बुधवारच्या आदल्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. आईचा नमुना पुन्हा तपासायला पाठवावा लागणार होता, आणखी आठ दिवस थांबा. मी आईला नीट समजावून सांगितलं, तिला झोपवलं, सकाळी तशीच बसमध्ये बसले. घाटावर गर्दी होती. मी नेहमीप्रमाणे बाजूला सरकत उंबराच्या पलीकडे गेले. तिथे जुन्या पायऱ्या आहेत, कुणी फिरकत नाही. दोर तिथपर्यंत येत नव्हता. हात जोडले तर मनात एकही शब्द येईना. शेवटी म्हटलं, तुला काय करायचं ते कर, मी दमले. त्याला प्रार्थना म्हणतात का मला माहीत नाही. शिट्टी वाजली. मला वाटलं, दुसऱ्या कुणासाठी असेल. पुन्हा वाजली, लांब. मी एक पायरी खाली उतरले आणि पाय शेवाळावरून गेला.

पाण्यात ओरडता येत नाही, हे मला तेव्हा समजलं. एकदा वर आले तेव्हा उंबर दिसला, दुसऱ्यांदा आले तेव्हा तो दिसला नाही. मग कुणीतरी मागून धरलं. मी वळून त्या माणसाच्या गळ्याला मिठी मारली, जीव खाऊन, आणि आम्ही दोघंही खाली गेलो. मी सोडत नव्हते. त्याने कशीतरी मान मोकळी केली, आम्ही वर आलो, आणि कानाशी आवाज आला, ओरडून नाही, अगदी समजावल्यासारखा: “मले नोका धरू. म्या तुमाले धरलं हाय.”

मी हात सोडले. शूरपणाने नाही, बोटांत जीवच उरला नव्हता. सोडल्याबरोबर पाण्याची सगळी धडपड थांबल्यासारखी झाली. पाठीखाली एक हात होता, वर ढग होते, आणि मी कुठेतरी नेली जात होते. गेल्या कित्येक महिन्यांत इतकं निवांत मला वाटलं नव्हतं. हे सांगताना आजही संकोच वाटतो.

पायरीवर आणून बसवलं तेव्हा मी खोकत होते आणि बेबीताई माझ्या पाठीत थापा मारत बोलत होती. “दोन खेपा वाजली शिट्टी. आता काय तुह्यासाठी इंग्रजीत वाजवा लागते काय?” माझं इंग्रजी शाळेचं घाटावर कसं पोचलं देव जाणे. मला बाहेर काढणारे किसनभाऊ बाजूलाच बसले होते. चहाचा कप त्यांच्याकडून धरवेना. कप त्यांच्या सोबत्याने धरला. बेबीताईने नारळवालीच्या टोपलीतला नारळ पायरीवर आपटून फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या तोंडात दिला. मला वाटलं, श्रावण आहे, यांचा उपवास असेल. कुणाशी न बोलणारी मी, तेवढं विचारून बसले.

“उपास नाई वं बाई,” बेबीताई म्हणाली. “उपाशी. बुधवार हाय ना आज.”

मग तिने सांगितलं. पगार थांबल्यावर तिघं निघायच्या बेतात होते. शिट्टीवाले येण्याआधी दर पावसाळ्यात तिच्या टोपलीतली फुलं देवाआधी बुडालेल्याच्या तिरडीवर जायची. ते दिवस तिला पुन्हा नको होते. म्हणून आसपासच्या घरांनी, मळेवाल्यांनी, देवळाच्या पुजाऱ्यांनी मिळून ठरवलं की पगार आपल्या हातात नाही, पण भाकर आहे. प्रत्येकाने एक वार घ्यायचा आणि त्या दिवशी तिघांचं दुपारचं जेवण घाटावर पोचवायचं. घरी असेल ते लेकरांसाठी ठेवून यायचं आणि वार लावलेल्या भाकरीवर दिवस काढायचा, असं त्या तिघांचं चाललं होतं. मंगळवार बेबीताईचा. बुधवार तेवढा राहून गेला, कारण बुधवारी शेजारच्या गावचा आठवडी बाजार. भाजीपाल्याची घरं पहाटेच कुलूप लावून जातात, चूल पेटवायला मागे कुणी उरत नाही. किसनभाऊ आदल्या दुपारच्या भाकरीवर होते. त्याच अंगाने त्यांनी माझ्यासाठी उडी घेतली होती, आणि मी त्यांच्या गळ्यात पडून त्यांनाही खाली नेलं होतं.

पहिल्या बुधवारी ऐकलेल्या वाक्याचा अर्थ मला असा लागला. मी तिथे देव शोधत होते आणि त्या बायका स्वयंपाकाचं बोलत होत्या. आता वाटतं, ती दोन वेगळी बोलणी नव्हतीच. त्या वेळी मात्र मला फक्त लाज वाटली. निघताना किसनभाऊंसमोर उभी राहिले, खूप काही म्हणायचं होतं, आणि तोंडातून निघालं ते “थँक यू.” ते म्हणाले, “दोराच्या अलीकडं राहत जा, ताई.”

घरी आईने विचारलं, डुबकी झाली का. मी म्हटलं, तीन झाल्या. मग सगळं सांगितलं. तिने माझा हात हातात घेतला, बराच वेळ सोडला नाही. मला वाटलं, ती म्हणेल की पूर्णामाईनेच वाचवलं. ती म्हणाली, “अन् त्याले तू काय खाऊ घातलं?”

हे लिहिताना आई पूर्ण बरी झालेली नाही, उपचार चालू आहेत, आणि ज्यांच्याकडे अर्ज गेले त्यांच्याकडून शिट्टीवाल्यांचा पगार अजून निघालेला नाही. चमत्कार म्हणून पुढे करावं असं माझ्याकडे काही नाही. इतकंच की मी दमले असं ज्या क्षणी म्हटलं, त्याच्या पुढच्या काही क्षणांत एका उपाशी माणसाचा हात माझ्या पाठीखाली होता. कोणी पाठवला, याचा मी कीस पाडत नाही. आईच्या आजारात मी सगळं घट्ट धरून ठेवत आले होते, फायली, गोळ्यांच्या वेळा, चेहऱ्यावरचा शांतपणा, आणि त्यालाच मी ताकद समजत होते. आता रात्री आईच्या खाटेशेजारी पडले की कधीकधी मुद्दाम मुठी उघडते. मी न धरताही आम्हाला कुणीतरी धरलेलं आहे, असं थोडा वेळ वाटतं. मग झोप लागते. एवढ्यासाठीही मी कृतज्ञ आहे.

पाचव्या बुधवारी मी दोराच्या अलीकडे, चारचौघींमध्ये, किसनभाऊंच्या नजरेसमोर डुबकी घेतली. सोबत मोठा डबा होता. आदल्या संध्याकाळी आईने स्वयंपाकघरात खुर्ची टाकून घेतली आणि तिथून मला भाकरी थापायला शिकवलं. झुणका तिने चाखून पाहिला, ठेचा मात्र माझ्यावर सोडला. बेबीताईने डबा उघडला आणि भाकर उचलून उन्हात धरली. “हे काय वं, भाकर हाय का नकाशा?” किसनभाऊंनी तिच्या हातातून भाकर घेतली, मोडली आणि म्हणाले की नदीच्या पाण्यापेक्षा बरी आहे. तिघंही जेवायला बसले. सावकाश जेवले. एकजण पाण्याकडे तोंड करून बसला होता.

मी पायरीवर केस पिळत होते. नवस फिटला होता. पुन्हा पहाटे उठायचं नव्हतं, दोन तासांची ती बस नव्हती. सकाळी डबा भरताना आईने पुढचं काही विचारलं नव्हतं आणि मीही काही सांगितलं नव्हतं. अंग इतकं जड झालं होतं की तिथेच झोपावं. मागे बेबीताई नारळवालीशी बोलत होती. आजचं निभलं, पोरीचा नवसही झाला, पण विसर्जन आठ दिवसांवर आलंय, त्यानंतर हे थांबतील की जातील कोण जाणे. पुढच्या बुधवारी पुन्हा तेच. “बुधवार काही कोनाचा...”

मी वळले. माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला, पाण्यातल्या बायकांनीही वर पाहिलं.

“बेबीताई, बुधवार आमचा.”